बारावा क्रमांक: मधल्या पट्ट्यात अडकलेल्या एका क्लबच्या चाहत्यांचे प्रकरण

या प्रकरणातल्या फुटबॉल क्लबचे नाव, शहर आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. चाहत्यांच्या संघटनेच्या समितीत मी इतिवृत्त लिहीत असे, त्यामुळे बैठकांमध्ये काय बोलले गेले ते मी स्वतः ऐकलेले आहे. मी तटस्थ नव्हतो, हेही आधीच सांगतो. ज्या ठरावांबद्दल मी पुढे टीका केली आहे, त्यांतल्या एका ठरावाला माझे मत होते.

पार्श्वभूमी

२० संघांची लीग, प्रत्येकाचे ३८ सामने, तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत. आमचा क्लब वरच्या श्रेणीत आला तेव्हा पहिली दोन वर्षे जीव मुठीत धरून काढली. त्यानंतरच्या पाच हंगामांत क्रमांक आले ते असे: बारावा, दहावा, अकरावा, तेरावा, अकरावा. गुण दर वर्षी ४३ ते ४९ च्या दरम्यान. दर ऑगस्टला नवी जर्सी, नवे दोन-तीन खेळाडू, आणि फेब्रुवारी उजाडला की येरे माझ्या मागल्या.

या क्लबमध्ये खलनायक कोणीच नव्हता, आणि खरी अडचण तीच होती. मालकाने स्वतःचा पैसा घातला होता. स्टेडियमचे कर्ज फिटत आले होते, पगार वेळेवर होत होते. प्रशिक्षक पाचव्या वर्षात होता, माणूस सरळ, मेहनती. ज्या क्लबची दिवाळखोरी निघते किंवा मालक पळून जातो, तिथल्या चाहत्यांना निदान कोणाविरुद्ध घोषणा द्यायच्या ते कळते. आमच्याकडे तक्रार करायला तोंड उघडले की पहिले उत्तर यायचे, "कुठून वर आलो ते आठवा."

ते उत्तर चुकीचे नव्हते. संघटनेतल्या पन्नाशीपुढच्या सभासदांनी तिसऱ्या श्रेणीतले दिवस पाहिले होते. त्यांच्या दृष्टीने बारावा क्रमांक म्हणजे नवसाने मिळालेली गोष्ट. पण एका बैठकीत एकोणीस वर्षांचा एक मुलगा उठला आणि एका ज्येष्ठ सभासदाला म्हणाला, "तुम्ही तिसऱ्या श्रेणीतल्या त्या चिखलातल्या मॅचबद्दल बोलता तेव्हा तुमचे डोळे चमकतात. मी कोणती मॅच सांगू?"

त्यावर कोणी काही बोलले नाही. इतिवृत्तात मी ते वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवले.

समस्या

सहाव्या हंगामात ठिणगी पडली. फेब्रुवारीत आमचे २४ सामन्यांत ३१ गुण होते. खालच्या तिघांपासून ११ गुण दूर, वरच्या युरोपीय स्पर्धेच्या जागांपासून जवळपास तेवढेच दूर. उरलेल्या १४ सामन्यांत ना भीती ना आशा. त्याच आठवड्यात चषक स्पर्धेची (लीगहून वेगळी, हरला की बाहेर) चौथी फेरी होती, दुसऱ्या श्रेणीतल्या एका संघाच्या मैदानावर, मंगळवारी रात्री. कामावरून लवकर निघून, बस भरभरून चाहते गेले. मैदानात शिरल्यावर संघाची यादी कळली: आधीच्या लीग सामन्यातले नऊ खेळाडू बदललेले. पहिला गोलरक्षकही घरी. आम्ही २-० हरलो. शेवटच्या शिट्टीनंतर काही खेळाडू आमच्या स्टँडकडे न येताच आत गेले.

चार दिवसांनी घरच्या मैदानावर लीगचा सामना होता. सगळे अकरा ताजेतवाने परत आले आणि ०-० अशी बरोबरी झाली.

त्या सामन्यात मला सगळ्यात जास्त खुपली ती शांतता. शिव्या नव्हत्या, शिट्ट्या नव्हत्या, टाळ्याही नव्हत्या. क्लबने जाहीर केलेला प्रेक्षकांचा आकडा नेहमीसारखाच मोठा होता, कारण तो विकलेल्या तिकिटांचा असतो. पण आमच्या एका सभासदाला जुनी सवय होती. तो आपल्या ब्लॉकमधल्या रिकाम्या खुर्च्या मोजायचा. पैसे भरलेले सीझन तिकीट खिशात ठेवून घरी बसणारे त्याच्या वहीनुसार दोन वर्षांत दुपटीहून जास्त झाले होते. पैसे फुकट गेले तरी चालतील पण यायचे नाही, असे माणूस ठरवतो तेव्हा क्लबच्या हिशेबात त्याची नोंदच होत नाही. तो रागावलेला नसतो, त्याचे लक्षच उडालेले असते.

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

संतापाच्या भरात समितीने आठवड्याभरात सभासदांचे मतदान घेतले. प्रश्न एकच: प्रशिक्षक राहावा की जावा? हे मतदान घेण्याचा ठराव समितीत सात विरुद्ध सहा असा मंजूर झाला होता. त्या सातांत मी होतो.

दर १०० पैकी ५८ सभासदांनी "जावा" म्हटले. आम्हाला वाटले, कौल मिळाला. क्लबने तोच निकाल उलटा वाचला: इतका राग असतानाही ४२ टक्के लोक प्रशिक्षकाच्या बाजूने आहेत. आमच्या आतच दोन गट पडले. "कृतघ्न" आणि "अल्पसंतुष्ट" हे शब्द रोजचे झाले. प्रशिक्षकाने पत्रकार परिषदेत आमचा उल्लेखही टाळला, आणि तो दुखावला गेल्याचे सगळ्यांना दिसले.

चूक प्रश्नातच होती. लोक कशाने कंटाळले आहेत हे विचारण्याआधीच आम्ही कोणाला काढायचे ते विचारले.

पर्याय

यानंतर समितीतल्या त्या ज्येष्ठ सभासदाने आग्रह धरला की पुढचे पाऊल टाकण्याआधी इतर क्लबांचे काय झाले ते तरी वाचू. तीन बैठका त्यात गेल्या.

प्रशिक्षक बदलण्याच्या पर्यायाबद्दल सापडलेली उदाहरणे थंड पाणी ओतणारी होती. इंग्लंडच्या चार्ल्टनने ॲलन कर्बिशली यांच्याबरोबर १५ वर्षे काढली आणि वरच्या श्रेणीत वर्षानुवर्षे मधल्या जागा टिकवल्या. २००६ मध्ये ते गेले. २००७ मध्ये चार्ल्टन खाली घसरला आणि २००९ मध्ये थेट तिसऱ्या श्रेणीत पोचला. इंग्लंडच्याच साउदॅम्प्टनने २०१७ मध्ये क्लोद प्युएल यांना काढले. संघ आठवा आला होता, लीग कप या चषक स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला होता, पण खेळ रटाळ म्हणून चाहते वैतागले होते. पुढच्या हंगामात तोच संघ सतरावा आला, कसाबसा वाचला. स्टोकचे उदाहरण मला जास्त शिकवून गेले. २०१४, २०१५ आणि २०१६ असे लागोपाठ तीनदा ते नववे आले. इतकी स्थिर वाटणारी जागा, आणि २०१८ मध्ये ते खाली गेले. मधला पट्टा दुरून सपाट जमिनीसारखा दिसतो, पण तो उतार आहे. तिथे नुसते उभे राहायलाही जोर लावावा लागतो. आमचा क्लब काहीच करत नाही, हा आमचा आरोप त्या रात्री मला अर्धा खोटा वाटू लागला.

दुसरा पर्याय होता मैदान सोडण्याचा. लिव्हरपूलच्या चाहत्यांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये ७७ पाउंडांच्या तिकिटाविरुद्ध ७७ व्या मिनिटाला सामूहिक बहिर्गमन केले होते. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. पण त्यांची मागणी एका आकड्यात मावणारी होती. दर मागे घ्या म्हटले की घेता येतो. "आम्हाला कंटाळा येतो" ही मागणी मालक मागे कशी घेणार?

क्लबच्या भागभांडवलात चाहत्यांचा हिस्सा मागावा, हा तिसरा पर्याय. जर्मनीत ५० + १ च्या नियमाने बहुतेक क्लबांत बहुसंख्य मते सभासदांकडे राहतात. आमच्याकडे तसा नियम नव्हता आणि मालकाला विकायची गरज नव्हती. तो पर्याय एका बैठकीत संपला. काहीच न करण्याचा पर्यायही मांडला गेला, आणि तो मांडणाऱ्यांची संख्या लहान नव्हती.

वळण

याच सुमारास रिकाम्या खुर्च्या मोजणाऱ्या सभासदाने एक साधी गोष्ट सुचवली. सभासदांना एकच ओळ लिहायला सांगायची: दुसऱ्या दिवशीही ज्याबद्दल तुम्ही बोलत होता असा आपला शेवटचा सामना कोणता?

काहीशे उत्तरे आली. ती वाचताना आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. वर आलो त्या वर्षीचे सामने होते, घसरणीपासून वाचलो तो दिवस होता, शेजारच्या क्लबविरुद्धचे दोन सामने होते. मोठा गठ्ठा चषक स्पर्धेतल्या सामन्यांचा होता, त्यांतले कितीतरी आम्ही हरलेले. गेल्या सहा वर्षांतले लीगचे सामने, शेजाऱ्यांचे सोडले तर, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

म्हणजे लोकांना सहावा क्रमांक हवा होता असे नव्हते. हरलो तरी चालेल, पण काहीतरी पणाला लागलेले हवे होते. आणि लीगमध्ये पणाला लावायला काही उरत नाही तेव्हा जी एक स्पर्धा हाताशी असते, तीच क्लब दर वर्षी राखीव खेळाडूंच्या हवाली करत होता.

मागणी बदलली. प्रशिक्षकाचे नाव त्यातून गेले. नव्या पत्रात तीन गोष्टी होत्या: चषकात पूर्ण ताकदीचा संघ, जागा सुरक्षित झाल्यावर अकादमीतल्या मुलांना लीगमध्ये खरी संधी, आणि दर ऑगस्टमध्ये क्लबने चाहत्यांसमोर येऊन या वर्षी काय साधायचे आहे ते सांगणे.

बारा मिनिटे

पत्राला तीन आठवडे उत्तर आले नाही, तेव्हा एक प्रत्यक्ष कृती ठरली. जर्मनीत २०१२ च्या अखेरीस स्टेडियमच्या सुरक्षेच्या नव्या नियमांविरुद्ध चाहत्यांनी सामन्याची पहिली १२ मिनिटे १२ सेकंद गप्प राहून निषेध केला होता. तेच आम्ही घेतले. बारावा क्रमांक, बारा मिनिटे.

नवव्या मिनिटाला पाहुण्या संघाने गोल केला. त्यांच्या कोपऱ्यातला जल्लोष आमच्या शांत मैदानात घुमला. तेराव्या मिनिटाला आमचे ढोल सुरू झाले, पण आवाजात जीव नव्हता. आम्ही १-० हरलो.

पुढच्या बैठकीला संघाचा कर्णधार न बोलावता आला. तो चिडलेला असेल असे वाटले होते, पण तो थकलेला दिसत होता. म्हणाला, "पहिली बारा मिनिटे मला वेगळी वाटलीच नाहीत. गेली दोन वर्षे मार्चमध्ये आमचं मैदान असंच असतं." मग तो जे बोलला ते आमच्या कल्पनेतही नव्हते. चषकातून बाहेर पडल्यावर ड्रेसिंग रूममध्येही कोणी मान वर करत नाही, कारण मे महिन्यापर्यंत आता फक्त हजेरी लावायची आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते. आम्ही ज्या खेळाडूंना निषेध ऐकवत होतो, त्यांचे दुखणे तेच होते.

क्लबशी बैठक

कर्णधाराने मध्यस्थी केली असावी. पंधरा दिवसांत क्लबच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने बोलावले. आम्ही पाच जण गेलो. त्याने आकडेमोड मोकळेपणाने मांडली, आणि त्याबद्दल मी आजही त्याचा आदर करतो.

लीगमध्ये एकेक जागा वर सरकण्याला मोठी किंमत आहे. त्याने इंग्लंडचे उदाहरण दिले, कारण तिथले आकडे जाहीर असतात: २०२३-२४ मध्ये प्रीमियर लीगच्या गुणतालिकेतली एक जागा सुमारे २८ लाख पाउंडांची होती, आणि एफए कप या तिथल्या चषक स्पर्धेचा अंतिम सामना जिंकण्याचे बक्षीस २० लाख. म्हणजे बाराव्यावरून अकराव्यावर जाणे, हिशेबाच्या वहीत, चषकाचा अंतिम सामना जिंकण्यापेक्षा भारी. मग मंगळवारी रात्री कोणाचा स्नायू दुखावून घ्यायचा? विगनने २०१३ मध्ये एफए कप जिंकला आणि तीनच दिवसांनी घसरणीचा शिक्का बसला. बर्मिंगहॅम सिटीने २०११ मध्ये लीग कप जिंकला आणि त्याच हंगामात तोही खाली गेला. ही दोन उदाहरणे संचालक मंडळात कायम तयार असतात, असे तो म्हणाला.

आम्ही स्वॉन्झीचे नाव घेतले. २०१३ मध्ये लीग कप जिंकला, अंतिम सामन्यात ब्रॅडफर्डवर ५-० अशी मात, आणि त्याच वर्षी लीगमध्ये नववा क्रमांक. दोन्ही एकदम जमत नाही असे नाही.

यानंतर आमच्यातल्या एकीने, ती मनुष्यबळ विभागात काम करणारी, शांतपणे विचारले, "प्रशिक्षकाच्या करारात बोनस कशावर आहे?" अधिकारी थोडा थांबला. मग म्हणाला, लीगमधल्या क्रमांकावर. चषकासाठी? काही नाही.

इतकी वर्षे ज्या माणसाला आम्ही भित्रा म्हणत होतो, तो त्याला नेमून दिलेले काम चोख करत होता. नऊ बदल हा त्याचा चषकाबद्दलचा अनादर नव्हता, कराराचे सरळ वाचन होते. "जावा" म्हणून मत दिल्याची लाज मला त्या खोलीत वाटली. त्याला काढून दुसरा आणला असता, तर त्यानेही त्याच कागदावर सही केली असती आणि त्याच मंगळवारी तेच नऊ खेळाडू बदलले असते.

निष्पत्ती

हंगाम बाराव्या क्रमांकावर संपला. उन्हाळ्यात प्रशिक्षकाचा करार एका वर्षाने वाढला आणि त्यात चषकाच्या प्रत्येक फेरीसाठी बोनस आला. किती खेळाडू बदलायचे यावर मर्यादा घालायला प्रशिक्षकाने ठाम नकार दिला, आणि तो योग्यच होता. संघनिवड चाहत्यांच्या पत्राने होऊ नये. अकादमीबद्दल क्लबने आश्वासन दिले, आकडा दिला नाही. ऑगस्टची सभा मात्र मान्य झाली आणि झाली.

पुढच्या हंगामात आम्ही चौदावे आलो. दोन जागा खाली, पैशांचे नुकसान झाले, आणि एप्रिलमध्ये दोन आठवडे घसरणीची भीतीही डोक्यावर होती. चषकात उपांत्यपूर्व फेरी गाठली, परक्या मैदानावर, पेनल्टी शूटआऊटमध्ये हरलो. त्या संध्याकाळी पाहुण्या चाहत्यांच्या स्टँडमध्ये हरल्यानंतर जे गाणे वीस मिनिटे चालले, ते मी आयुष्यात विसरणार नाही. रिकाम्या खुर्च्यांची वही सांभाळणाऱ्याने मे महिन्यात आपला आकडा वाचून दाखवला: त्याच्या ब्लॉकमधल्या रिकाम्या जागा निम्म्याहून कमी झाल्या होत्या.

सगळे खूश नव्हते. काही सभासदांनी संघटना सोडली, कारण त्यांच्या मते आम्ही क्लबला स्वस्तात सोडले. पैसा खर्च करून वरच्या सहांत जाण्याची मागणीच आम्ही सोडून दिली. या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. महत्त्वाकांक्षा चषकापुरती मर्यादित करणे म्हणजे लीगमधल्या विषमतेला मान तुकवणे आहे, हे त्यांचे म्हणणे खरे आहे.

काय वेगळे करता आले असते

मतदानाबद्दल वर लिहिलेच आहे. ती एक ओळीची उत्तरे आधी मागवली असती तर दोन महिने आणि बरीच मैत्री वाचली असती.

बारा मिनिटांची शांतता मी आज ठरवणार नाही. जर्मनीतल्या चाहत्यांचा आवाज हे त्यांचे सामर्थ्य होते, म्हणून तो काढून घेतल्यावर पोकळी जाणवली. आमच्याकडे शांतता हाच आजार होता, आणि आम्ही निषेध म्हणून त्याचाच आणखी एक डोस दिला. त्यातून कर्णधार भेटला हे खरे, पण त्याला आधीच साधे बोलावणे धाडता आले असते. समितीत कोणालाही ते सुचले नाही, कारण खेळाडू म्हणजे पलीकडची बाजू असे आम्ही गृहीत धरले होते.

कराराचा प्रश्न पहिल्याच पत्रात असायला हवा होता. जिथे माणसाचे वागणे वर्षानुवर्षे एकसारखे असते, तिथे त्याच्या स्वभावाआधी त्याला पैसे कशाचे मिळतात ते पाहावे, हे आमच्यातल्या नोकरदारांना आपापल्या कचेरीत रोज दिसत होते. स्टेडियममध्ये आल्यावर विसरलो.

क्लबच्या बाजूनेही एक गोष्ट. तिकीट विक्रीऐवजी गेटमधून प्रत्यक्ष आत आलेल्या माणसांचा आकडा संचालकांनी पाहिला असता, तर त्यांना आमच्या पत्राची वाट पाहावी लागली नसती. तो आकडा त्यांच्या यंत्रात होता.

त्यानंतर

क्रिस्टल पॅलेसने मे २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीला १-० हरवून एफए कप जिंकला, क्लबचा पहिला मोठा चषक. त्या हंगामात लीगमध्ये ते बारावे आले. निकाल लागला तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा, आता तो समितीत आहे, मला एका शब्दाचा निरोप आला: "बारावे!"

आमचा प्रशिक्षक करार संपल्यावर स्वतःहून गेला. ऑगस्टच्या सभेत त्याला उभे राहून निरोप मिळाला, आणि "जावा" म्हणणारे आम्ही त्यात होतो. नव्या प्रशिक्षकाच्या करारातही चषकाचा बोनस आहे. त्याच्या पहिल्या हंगामात लीगमध्ये आम्ही अकरावे आलो. चषकात पूर्ण ताकदीचा संघ उतरवूनही तिसऱ्याच फेरीत घरच्या मैदानावर २-१ हरलो. सत्तराव्या मिनिटाला डाव्या बाजूचा बचावपटू का बदलला, यावर स्टँडच्या पायऱ्यांवर भांडण जुंपले, ते बस थांब्यापर्यंत चालले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन उघडला तेव्हाही संपलेले नव्हते.